मिडल शून्यावर

मी जमिनीवर मांडी घालून बसले होते, गिटार मांडीवर होती आणि वाकून कान ॲम्पच्या जाळीला चिकटवला होता. डोक्यावरून ॲम्पपर्यंत गोधडी ओढलेली. आवाजाचा नॉब एकाच्याही खाली. गोधडीच्या फटीतून मला सहा फुटांवरचा पाळणा दिसत होता, आणि तो हलला की माझी बोटं थांबत होती.

याला आता अकरा वर्षं झाली. अन्वी तेव्हा सात महिन्यांची होती. दुपारी दोन ते साडेतीन झोपायची, आणि तेवढा दीड तास माझा होता.

दार ढकलून आत्या आत आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

"काय ऐकतीस गं त्यात?"

"हळू बोला."

त्या माझ्या शेजारी टेकल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"डॉक्टर नळी लावून बघतात तसं चाललंय तुझं. ताप आलाय का काय त्याला?"

"आवाज लावतेय आत्या."

"आठ दिवस झालं लावतीस. अजून लागंना?"

तो प्रश्न बरोबरच होता. गिटार वाजवणं वेगळं आणि गिटारचा आवाज लावणं वेगळं, हे न वाजवणाऱ्याला पटवून देणं अवघड असतं. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर डब्यावर ताणलेल्या रबरासारखी वाजते. ती वायरीतून पायानं दाबायच्या पेडलमध्ये जाते, पेडलमधून ॲम्पमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, आणि मग तिचा आवाज तयार होतो. ॲम्पवर चार नॉब महत्त्वाचे. बेस म्हणजे खालचा जाड आवाज, ट्रेबल म्हणजे वरचा बारीक, मिडल म्हणजे मधला. आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटून यायला हवा ते. मेटल संगीतात लीड, म्हणजे पुढची गिटार, वाजवणाऱ्याला असा आवाज हवा असतो की एक सूर ओढला तर तो फाटलेलाही असावा आणि लांबही जावा, मध्येच विझू नये.

मला तो आवाज सापडला होता. गेन पूर्ण, बेस आठवर, ट्रेबल आठवर आणि मिडल शून्यावर. मिडल वाढवलं की गिटारला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. शून्यावर आणलं की तीच गिटार खोल आणि रुंद व्हायची. त्या गोधडीच्या आत माझ्या कानाशी एक अवाढव्य जनावर गुरगुरत होतं, आणि बाहेर पाळण्यात माशीचा आवाज जाईल इतकंच जात होतं. मला त्याचा अभिमान वाटत होता.

पण चार दिवसांपूर्वी, रविवारी, तालमीत भलतंच झालं होतं.

आमची तालीम गावाबाहेर अस्लमच्या काकांच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये व्हायची. अस्लम ड्रम वाजवायचा, त्याचा चुलतभाऊ मुनीर बेस गिटार, आणि विनायक गायचा आणि रिदम, म्हणजे साथीची गिटार, वाजवायचा. विन्या कॉलेजपासूनचा मित्र, बँडही त्याचाच. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच गेले होते. गाणं सुरू झालं, माझ्या सोलोची, म्हणजे गाणं थांबून फक्त माझी गिटार पुढे यायची, जागा आली, मी सोलो वाजवला. विन्या साथ करता करता माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मला वाटलं खूश झालाय.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "काय गं, वाजवलं का नाहीस?"

"वाजवलं की. अख्खा सोलो वाजवला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. अस्लमनं काठ्या खाली ठेवल्या. तो माझ्या नवऱ्याचा, श्रेणिकचा, शाळेतला मित्र, त्यामुळे मेटल बँडमध्येसुद्धा तो मला वहिनी म्हणायचा.

"वहिनी, कानात कुणीतरी खिळे मारल्यागत होतंय. पण गिटार कुठाय?"

विन्या मला बाजूला घेऊन गेला. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला स्पर्धा होती. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी एकदा ऐकू. नाहीच जमलं तर सोलो सौरभला देतो, तू नसताना तोच वाजवायचा. तू रिदम कर माझ्याबरोबर." आणि मग, "वाईट वाटून घेऊ नकोस. बाळ लहान आहे, आम्हाला समजतं ना."

ते त्यांचं समजणंच मला जास्त लागलं होतं.

हे सगळं मी त्या दुपारी आत्यांना कुजबुजत सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मध्येच त्यांनी गोधडी उचलली.

"मला ऐकीव बघू."

मी एक ओळ वाजवली. त्यांनी जाळीला कान लावला, डोळे मिटले.

"चांगलंय की. पिक्चरमधल्या राक्षसागत येतंय."

"इथे येतंय. तिथे सगळे वाजायला लागले की ऐकूच येत नाही."

"मग हितं गोधडीत बसून कसं कळंल? गोंगाटात ऐकू यायचं तर गोंगाटात लावून बघाय नको?"

"आता गोंगाट कुठून आणू मी?"

आत्यांनी नुसती हनुवटी खाली, फरशीकडे केली.

मी फरशीकडे पाहिलं. पाण्याच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. ते कायमच थरथरायचं. आमचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली आमचा कारखाना, बारा यंत्रमाग. इचलकरंजीत लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला झोप लागली नव्हती. मग कधी ते ऐकू यायचे बंद झाले, मला कळलंही नव्हतं. आत्ताही बाराच्या बारा चालू होते.

"खाली?" मी म्हणाले. "आणि अन्वी?"

"ती झोपलीय."

"उठेल ना."

"गिटारनं कधी उठलीय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवू लागले. कुकरच्या शिट्टीनं उठली होती. दाराच्या बेलनं. माझ्या शिंकेनं एकदा. गिटारनं मात्र नाही.

"मी कधी मोठ्यानं वाजवलीच नाही. कशी उठेल?"

"आणि हे खालचं? पोटात असल्यापासनं ऐकतीय ती. परवा लाईट गेली, माग थांबलं, तवा दचकून उठली की रडत. सुरू झालं, झोपली परत. तू न्हाणीत होतीस."

हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी कशानं उठते याची मी मनात यादी ठेवत होते, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

तरी मी लगेच उठले नाही. तान्ह्या मुलांचे कान किती नाजूक असतात हे मी त्याच आठवड्यात मोबाईलवर तीन ठिकाणी वाचलं होतं, आणि तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे होते. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"लेकराला खाली न्यायचं न्हाई. खोलीचं दार लावते, खिडक्या मिटते. मी जिन्याच्या खिडकीपाशी उभारते. हिकडं दाराच्या काचेतनं पाळणा दिसतोय, तिकडं तू दिसतीस. हात करते मी तुला."

श्रेणिक त्या आठवड्यात सूत बघायला तमिळनाडूला गेला होता, नाहीतर मी हे केलं असतं असं वाटत नाही. कापूस कानात घालून, खांद्याला वायरींची पिशवी, एका हातात ॲम्प आणि दुसऱ्या हातात गिटार घेऊन मी जिना उतरले.

कामगारांनी एकदा पाहिलं आणि परत आपापल्या मागाकडे वळले. मालकीणबाई गिटार घेऊन आल्या तरी मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा कुणासाठी थांबत नाही. कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायचं मशीन होतं, त्याच्या शेजारच्या प्लगमध्ये मी ॲम्पची पिन घातली. आवाज अर्ध्याच्या वर नेला. हवेत कापसाची लव तरंगत होती, ती बघता बघता तारांवर बसली.

मी सोलोची पहिली ओळ वाजवली.

काहीच नाही. बोटं हलताना दिसत होती, ॲम्पची जाळी थरथरताना दिसत होती, आणि ऐकू येत होते फक्त माग. रविवारी त्या तिघांना काय ऐकू आलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. मी वर पाहिलं. खिडकीत आत्यांनी पंजा हलवला, नाही.

अन्वी उठेल ही माझी भीती मागे पडली होती आणि मला उत्सुकता लागली होती. एवढा मोठा आवाज जातो कुठे? मी बेस वाढवला. तो मागांच्या धडधडीत गेला, जसं काही धडधडच थोडी वाढली. बेस कमी करून ट्रेबल वाढवलं. ते धोट्यांच्या खटखटीत गेलं. गेन आधीच पूर्ण होता. वर पाहिलं. पंजा. परत पंजा. मग आत्यांनी गाल तळहातावर टेकवून दाखवला. अन्वी झोपलेली आहे.

पंधरा मिनिटं अशीच गेली असतील. मी ॲम्पपाशी उकिडवी बसून नॉब फिरवत होते, वर बघायचं विसरले, आणि माझं नाव ऐकू आलं.

"तेजल."

अगदी स्वच्छ. मी दचकून उठले, अन्वी उठली असणार म्हणून. आत्या जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर उतरून उभ्या होत्या आणि मी त्यांच्यापासून चाळीस फुटांवर, मध्ये सगळे माग. त्यांनी गाल तळहातावर टेकवला. झोपलीय. त्यांना फक्त हे सांगायचं होतं की मी वर बघत नाहीये.

मी धावत त्यांच्यापाशी गेले. त्यांना जिन्यावरून वर, दाराच्या आत घेऊन गेले.

"आत्या, आत्ता हाक कशी मारलीत?"

"कशी म्हंजे? मारली."

"ओरडलात का?"

"ओरडायला काय झालंय मला?"

"मग ऐकू कशी आली? परत मारा."

त्या लाजल्या. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "काय येडी का काय तू." पण मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि हाक मारली. तोंड जेमतेम उघडलं होतं. बाहेरच्या खोलीत तो आवाज चांगला वाटला नाही. चपटा, नाकातला. लग्न ठरलं तेव्हा फोनवर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला होता आणि आईला म्हटलं होतं की बाई किती नाकात बोलतात. आता दोन वर्षं त्या आवाजाची सवय झाली होती, पण तो असा का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"नवी नवरी असताना मला खाली कांड्या भरायला बसवलं," आत्या म्हणाल्या. "सूत तुटलं, कांडी संपली, कायबी झालं तर मामंजींना हाक मारायची. मी आपली ओरडायची. तीन दिवस ओरडले. चौथ्या दिवशी बोलताच येईना. मग सासूबाईंनी शिकिवलं. त्या म्हणायच्या, ओरडलीस तर आवाज तुझ्या पायापाशीच पडतोय. खालनं मागाची धडधड असती. वरनं खटखट असती. त्यांच्या मधी एक फट असती. जाड काढू नको, बारीक काढू नको. मधला धर आणि नाकात ने, त्या फटीतनं जातोय."

"सर्दी झाल्यासारखा," मी म्हणाले.

"व्हय. माहेरी गेले की भाऊ चिडवायचा. नाकपुडीत शिट्टी अडकलीय का म्हणायचा. पण कारखान्यात माझ्याइतकी हाक कुणाची जात न्हाई."

मी खाली गेले. ॲम्पसमोर बसले आणि शून्यावरचं मिडल आठवर नेलं. बेस तीनवर आणला. गेन पूर्णवरून निम्म्यावर, हे करताना अंगावरचं पांघरूण काढून घेतल्यासारखं वाटलं. पिशवीत एक हिरवा पेडल पडून होता. आवाज नाकात नेतो म्हणून मी तो कॉलेजपासून वापरला नव्हता. तो मध्ये जोडला, त्याचा स्वतःचा गेन शून्यावर ठेवला आणि लेव्हल पूर्ण केली, म्हणजे फाडायचं काम ॲम्पनं करायचं आणि यानं नुसतं मागून ढकलायचं.

मी एक सूर वाजवला आणि तार वर ओढली.

आला. मोठा नव्हता, आवाजाचा नॉब होता तिथेच होता. पण तो धडधडीच्या वर आणि खटखटीच्या खाली सरळ चालत गेला. शेवटच्या मागावरच्या कामगारानं मान वळवून बघितलं. मी वर पाहिलं तर आत्यांचा हात आधीच उंच होता.

मग आम्ही दोघींनी अर्धा तास तो आवाज घासून पुसून घेतला. कारखान्यात बोलायच्या खुणा असतात, त्या आत्यांच्या हातात होत्या. तळवा खाली दाबला की बेस कमी. चिमूट ओढली की ट्रेबल वाढव. दर थोड्या वेळानं गाल तळहातावर. शेवटी कापडावर खूण करायच्या निळ्या खडूनं मी प्रत्येक नॉबची जागा ॲम्पवर आखून घेतली. वर आले तेव्हा अन्वी पालथी पडून झोपली होती, एक मूठ तोंडात.

रविवारी तीन तासांसाठी मी तिला दुसऱ्यांदाच सोडून निघाले. आत्यांना दोनदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगू लागले तर त्या म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला वाढीवलंय," आणि दार लावून घेतलं.

गोडाऊनमध्ये मी तारा जुळवल्या आणि एक ओळ वाजवून बघितली. विन्यानं तोंड वाकडं केलं.

"हे काय लावलंस? गेल्या रविवारचा आवाज तरी नुसता ऐकायला बरा होता. हा रिक्षाच्या भोंग्यासारखा वाटतोय."

"पत्र्याचा डबा," अस्लम म्हणाला. "वहिनी, खरं सांगू का, डालड्याचा."

मुनीर हसत होता.

"एकटा ऐकू नका," मी म्हणाले. "सगळे वाजवा. मग सांगा."

अस्लमनं चार मोजले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि सोलोची जागा आली. मी पहिला सूर ओढला आणि विन्याची मान झटकन माझ्याकडे वळली. डबा, भोंगा, सगळं त्या गोंगाटानं खाऊन टाकलं होतं आणि उरलं होतं ते गात होतं. ड्रमच्या आणि बेसच्या मधून प्रत्येक सूर वेगळा येत होता. अस्लमनं वाजवता वाजवता दात दाखवले. दुसरी ओळ. मग तिसरी.

तिसऱ्या ओळीत वरून खाली उतरणारी एक जलद जागा आहे. तिथे दोन सूर मी गिळले. मागे एक मोकळी तार वाजत राहिली. शेवटच्या सुराला तार ओढली ती हव्या तेवढी वर गेलीच नाही, मध्येच लोंबकळत राहिली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. गोधडीत, पूर्ण गेनवर, सगळे सूर एकमेकांना चिकटून एक मोठी छान गुरगुर व्हायची. त्या गुरगुरीत कुठला सूर होता आणि कुठला नव्हता, कुणाला कळणार?

गाणं संपलं. झांजेचा आवाज विझला. अस्लम ड्रमचा एक स्क्रू पिळत बसला, तो सैल नव्हता.

"आता ऐकू आलं," विन्या म्हणाला.

"हो."

"तिसऱ्या ओळीत..."

"कळलं मला."

"आणि शेवटचा ताण पोचत नाही वर."

"ते पण कळलं."

 अस्लमला राहवलं नाही.

"वहिनी, गेन जरा वाढवा की. आणि मिडल थोडंसं उतरवा, निम्म्यावर. ऐकू पण येईल आणि ते जरा झाकून पण जाईल. कोल्हापुरात कोण एवढं बारीक ऐकतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. गेन आठवर नेला असता तर ते दोन गिळलेले सूर कुणाला कळले नसते. मी खाली वाकले आणि गेनच्या नॉबवर बोटं ठेवली. अन्वी झाल्यापासून घरात मी एकदाही मोठ्यानं वाजवलं नव्हतं. विचारलं तर सगळ्यांना सांगायचे की घरात बाळ आहे, आवाज लहान ठेवावा लागतो. स्वतःलाही तेच सांगत होते. आणि ते बाळ रोज दुपारी बारा मागांवर झोपत होतं.

मी नॉबवरची बोटं काढली.

"राहू दे आहे तसा."

"अहो, पण स्पर्धेला..."

"राहू दे अस्लम. तिसरी ओळ परत घेऊया. सावकाश."

विन्यानं खिशातून मोबाईल काढला. "थांबा, सौरभला सांगतो."

मी मान वर केली. "काय सांगतोस?"

"ह्या वेळी नको म्हणून."

"का? चुकले की मी."

"गेल्या रविवारी तू चुकलीस का बरोबर वाजवलंस, ते तरी मला कुठे कळत होतं? काय सांगणार होतो मी तुला?" तो मोबाईल कानाला लावून दाराकडे गेला. जाताना वळून म्हणाला, "पण दोन आठवड्यांत बोटं बसली नाहीत तर मी गप्प बसणार नाही हं. बाळ-बीळ काही ऐकणार नाही."

"नको ऐकूस," मी म्हणाले.

तो परत आला. अस्लमनं निम्म्या लयीत चार मोजले. मी तिसरी ओळ वरून खाली आणली आणि त्याच जागी पुन्हा अडकले. चौघांनाही ऐकू आलं.

"परत," मी म्हणाले.